मंद निरोप, पेटलेले सांधे

शिमोन साकागुची यांच्या क्योतो विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांची एक वसाहत होती. ‘बाल्ब-सी’ ही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाणारी जात. पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच पैदास केल्यामुळे एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, इतके हे उंदीर सारखे. त्यातल्या काहींचे पुढचे पाय मात्र सुजायला लागले. आधी बोटांचे बारीक सांधे, मग मनगटं, मग घोटे. आणि तेही डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना. वयाच्या दोनेक महिन्यांत सुरुवात व्हायची आणि माद्यांना त्रास जास्त. त्यांच्या रक्तात ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर सापडला. काहींच्या फुप्फुसांतही दाह दिसला. उंदरांना सांधे सुजवणारं कुठलंही इंजेक्शन दिलेलं नव्हतं. माणसाचा आमवात उंदरात आपोआप उगवला होता.

कारण शोधून साकागुची यांच्या गटाने ते २००३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. झॅप-७० नावाच्या प्रथिनाच्या जनुकात एका अक्षराचा बदल झाला होता. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीतल्या १६३ व्या जागी ट्रिप्टोफॅनऐवजी सिस्टीन हे अमिनो आम्ल आलं होतं. दोष एवढाच. झॅप-७० चं काम टी पेशींच्या आत निरोप पोचवण्याचं. टी पेशी म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेतल्या जाणत्या पेशी. परकं कोण आणि आपलं कोण, हे ओळखणं त्यांच्याकडे. त्या स्वतःच्याच सांध्यांवर उठल्या म्हणजे निरोप नको इतका जोरात जात असणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलट होतं. या बदलाने निरोप मंदावला होता. कमी ऐकू येणाऱ्या पेशीच जास्त भांडत होत्या.

या कोड्याचा उलगडा करताना आमवाताबद्दल बरंच समजलं, आणि पेशींचे असेच निरोप आवरण्यावर आजचे कितीतरी औषधोपचार उभे आहेत.

आधी आजाराविषयी थोडं. आपल्याकडे सांधा दुखला की ‘संधिवात’ म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे, पण उतारवयात गुडघ्याची गादी झिजते तो आजार वेगळा आणि आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, वेगळा. आमवातात सांध्याच्या आतल्या नाजूक अस्तराला सूज येते, ते अस्तर जाड होत जातं आणि पुढे कूर्चा आणि हाड कुरतडतं. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात आणि तास-तासभर सुटत नाहीत. स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट दिसतो आणि बरेचदा ऐन कर्त्या वयात सुरू होतो. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाखाली घरोघरी पाहणी सुरू केली. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या त्या पाहणीत आमवाताचं प्रमाण निघालं ०.५ टक्के, म्हणजे दोनशे माणसांमागे एक. त्याआधी दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात ते ०.७५ टक्के आढळलं होतं. जगभरचे आकडेही अर्धा ते एक टक्का याच घरात फिरतात. हा श्रीमंतांचा किंवा शहरी राहणीचा आजार नव्हे.

आता टी पेशीच्या आत डोकवायला हवं. तिच्या पृष्ठभागावर एक रिसेप्टर असतो. शरीरातल्या इतर पेशी एचएलए नावाच्या रेणूच्या खोबणीत प्रथिनाचा एखादा छोटा तुकडा धरून तो टी पेशीला दाखवतात. रिसेप्टरची आणि त्या तुकड्याची पकड जमली की पेशीच्या आत धावपळ सुरू होते. एलसीके नावाचं विकर रिसेप्टरच्या आतल्या शेपटांवर फॉस्फेटच्या खुणा करतं. त्या खुणांवर झॅप-७० येऊन बसतं, स्वतः जागं होतं आणि पुढच्या प्रथिनांना जागं करतं. काही सेकंदांत पेशीतलं कॅल्शियम वाढतं आणि निरोप थेट केंद्रकापर्यंत जातो: वाढ, दुभंग, हल्ला कर. ही साखळी उगाच सुरू होऊ नये म्हणून तिला आवर घालणारी प्रथिनंही तिथेच हजर असतात. सीएसके आणि पीटीपीएन-२२ ही त्यातली दोन. दुसऱ्या नावाशी पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

झॅप-७० सापडलं सॅन फ्रान्सिस्कोत, आर्थर वाइस यांच्या प्रयोगशाळेत, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. १९९४ साली काही लहान मुलांमध्ये हे प्रथिन जवळपास नाहीच असं आढळलं. त्या मुलांची प्रतिकारशक्ती मोडून पडली होती. साधे जंतूही त्यांच्या जिवावर उठत होते. यात आश्चर्य काही नाही, कारण निरोपच गेला नाही तर पेशी उठणार कशी? कोडं आहे ते मधल्या अवस्थेचं. निरोप अजिबात नाही, तर मूल जंतूंपुढे उघडं पडतं. निरोप पुरेसा असेल तर सगळं ठीक. आणि निरोप अर्धामुर्धा असेल तर स्वतःवरच हल्ला. साकागुची यांच्या गटाने पुढे झॅप-७० चा जोर वेगवेगळ्या पायऱ्यांनी कमी करून पाहिला, तेव्हा त्या पायरीप्रमाणे उंदरांत वेगवेगळे स्वप्रतिकार-आजार उमटले.

उत्तर थायमसमध्ये आहे. छातीच्या हाडामागची ही छोटी ग्रंथी. अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या पेशी इथे टी पेशी बनतात आणि इथेच त्यांची निवड होते. प्रत्येकीला शरीराची स्वतःची प्रथिनं दाखवली जातात. जिची काहीच पकड बसत नाही ती निकामी म्हणून मरते. जी आपल्याच प्रथिनांना घट्ट धरते ती धोक्याची म्हणून मारली जाते. मधल्या तेवढ्या उरतात. पकड किती घट्ट आहे हे ठरतं आतल्या निरोपाच्या जोरावरून. साखर कारखान्याचा वजनकाटा कमी दाखवू लागला तर काय होतं, हे ऊस उत्पादकाला सांगायला नको. एसकेजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उंदरांच्या थायमसमधला काटा तसाच कमी दाखवतो. ज्या पेशी मर्यादेबाहेर जड म्हणून अडवल्या जायच्या, त्या काट्यावर मापात भरतात आणि शरीरात सुटतात. ज्या खरोखर मापात होत्या, त्या हलक्या ठरून मरतात. निरोप मंद झाल्याने पेशी गरीब झालेल्या नसतात; चुकीच्या पेशी निवडून येतात.

याच ग्रंथीत आणखी एक जमात तयार होते, नियामक टी पेशींची. इतर टी पेशींना आवरणं हे त्यांचं काम. त्या पेशी साकागुची यांनी १९९५ साली ओळखून दाखवल्या, तेव्हा फार थोड्या जणांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. या कामासाठी २०२५ चं वैद्यकाचं नोबेल पारितोषिक त्यांना मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळालं. एसकेजी उंदरांत या नियामक पेशींच्या घडणीत आणि कामातही खोट राहते. म्हणजे दंगेखोर सुटले आणि शिपाईही कमजोर निघाले.

एक शंका मात्र उरते. या सुटलेल्या पेशींचाही निरोप मंदच आहे, तर बाहेर येऊन त्या इतक्या चवताळतात कशा? सॅन फ्रान्सिस्कोतल्या जुडिथ अशौरी आणि वाइस यांनी २०१९ साली याचा माग काढला. टी पेशीला नुकताच निरोप मिळाला असेल तर ती हिरवी चमकावी, अशी सोय त्यांनी एसकेजी उंदरांत केली. चमकणाऱ्या पेशी वेगळ्या काढून दुसऱ्या उंदरांत सोडल्या, तेव्हा सांधे त्यांनीच जास्त सुजवले. या पेशींची स्वतःच्या प्रथिनांवरची पकड एवढी घट्ट होती की मंद निरोपही त्यांना पुरत होता. शिवाय त्या इंटरल्यूकिन-६ नावाच्या रसायनाला नेहमीपेक्षा जास्त दाद देत होत्या. हे रसायन पेशी एकमेकींना दाहाचा इशारा देण्यासाठी सोडतात. त्याच्या जनुकाचा छडा १९८६ साली ओसाकाच्या तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने लावला होता. एसकेजी उंदरात इंटरल्यूकिन-६ चं जनुकच काढून टाकलं तर त्याला सांध्यांचा आजार होत नाही, हे २००४ साली दिसलं होतं. थायमसमधली चूक आणि सांध्यातली सूज यांच्या मधला दुवा इथे आहे.

इतकं सगळं असूनही काही एसकेजी उंदीर आयुष्यभर ठणठणीत राहतात. जनुक तेच, अक्षराची चूक तीच. फरक खोलीचा. जंतूंपासून काटेकोर जपलेल्या निर्मळ पिंजऱ्यात वाढलेल्या एसकेजी उंदरांचे सांधे सुजत नाहीत. साध्या पिंजऱ्यात वाढलेल्यांचे सुजतात. निर्मळ पिंजऱ्यातल्या उंदराला बीटा-ग्लुकान हा बुरशीच्या आणि यीस्टच्या भिंतीत असणारा पदार्थ एकदाच टोचला की आजार जागा होतो. हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. जनुकांबद्दलच्या बातम्या वाचताना हा प्रयोग कायम लक्षात ठेवावा, इतका तो मोलाचा आहे. एका अक्षराने ठरलेला, एरवी हमखास होणारा आजारसुद्धा ठिणगी पडल्याशिवाय पेटला नाही.

माणसाचं काय? आमवाताच्या रुग्णांत झॅप-७० चा असा दोष सहसा सापडत नाही. माणसाचा आमवात कुणा एका जनुकाच्या चुकीने होत नाही. अनेक जनुकांतले बारीक बारीक फरक एकत्र येऊन त्याची जमीन तयार करतात. पण ते फरक कुठल्या जनुकांत आहेत हे पाहिलं की एसकेजी उंदराचीच वाट पुन्हा दिसते.

पहिला धागा १९७० च्या दशकात मिळाला. अमेरिकेतल्या डॅलस इथे पीटर स्टॅस्टनी यांना आमवाताच्या रुग्णांत एचएलए रेणूचा एक प्रकार वारंवार दिसला. पुढे १९८७ साली पीटर ग्रेगरसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की धोका वाढवणाऱ्या एचएलए-डीआरबी१ च्या निरनिराळ्या प्रकारांत एक छोटा भाग सारखा आहे: ७० ते ७४ या जागांवरची पाच अमिनो आम्लं. ज्या खोबणीतून टी पेशीला तुकडा दाखवला जातो, त्या खोबणीच्या कडेचाच हा भाग. तुकडा कसा धरला जातो हे त्याने बदलतं, आणि त्यातून टी पेशीला मिळणारा निरोपही बदलतो. आजही आमवाताच्या आनुवंशिक धोक्यात सर्वांत मोठा एकटा वाटा याच जनुकाचा आहे.

दुसरं नाव २००४ साली आलं: पीटीपीएन-२२. वर उल्लेख केलेलं, निरोपाला आवर घालणारं प्रथिन. त्याच्या ६२० व्या जागी आर्जिनीनऐवजी ट्रिप्टोफॅन असेल तर ते सीएसके या जोडीदाराला नीट धरू शकत नाही. हाच बदल त्याच वर्षी बरेचदा बालपणी होणाऱ्या टाइप-१ मधुमेहातही सापडला. नंतर ल्युपस आणि थायरॉइडचा ग्रेव्हज आजार या यादीत जमा झाले. क्रोन्स या आतड्याच्या आजारात मात्र हाच बदल थोडं संरक्षण देताना दिसतो. बदललेलं प्रथिन निरोप जास्त दाबतं की कमी, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. बदल असलेल्या माणसांच्या टी पेशी तपासल्या तेव्हा सुरुवातीच्या प्रयोगांत त्यांचा निरोप मंद निघाला. एसकेजी उंदरासारखाच. उंदराची आणि माणसाची गोष्ट एकच आहे असा दावा एवढ्यावरून करणं घाईचं ठरेल, पण निरोपाचा जोर बिघडला की ‘आपलं आणि परकं’ यातला भेद बिघडतो, ही दिशा पक्की आहे.

त्यानंतर यादी वाढतच गेली. एसटीएटी-४, सीटीएलए-४, इंटरल्यूकिन-६ चा रिसेप्टर, टीएनएफएआयपी-३ अशी नावं. सामान्य वाचकाला ती लक्षात ठेवायची गरज नाही. लक्षात घ्यायचं ते एवढंच की यातली बहुतेक जनुकं हाडाची किंवा सांध्याची नाहीत. ती संरक्षण पेशींच्या निरोपांची आहेत. २०१४ साली जपानचे युकिनोरी ओकादा आणि सहकाऱ्यांनी एक लाखाहून जास्त माणसांची जनुकं ताडून आमवाताशी जोडलेल्या १०१ जागा ‘नेचर’मध्ये मांडल्या. आमवातावर आधीच वापरात असलेली कितीतरी औषधं नेमकी या जागांवरच्या जनुकांच्या प्रथिनांवर किंवा त्यांच्या शेजाऱ्यांवर काम करतात, हेही त्यात दिसलं.

पीटीपीएन-२२ चा तो बदल उत्तर युरोपात बराच आढळतो, दक्षिणेकडे कमी होत जातो आणि जपानी लोकांत जवळजवळ नाहीच. भारतातही तो विरळा. पण आमवात जपानातही आहे आणि भारतातही. जपानमध्ये २००३ साली पीएडीआय-४ या वेगळ्याच जनुकाचा संबंध पुढे आला. दिल्ली विद्यापीठाच्या बी. के. थेल्मा यांच्या गटाने उत्तर भारतीय रुग्णांचा संपूर्ण जनुकसंच चाळला आणि २०१३ साली एआरएल-१५ हे नवं नाव मांडलं. युरोपीय माणसांच्या माहितीवर बेतलेलं धोक्याचं गणित सातारच्या किंवा नागपूरच्या माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही. आपल्या लोकांची जनुकं आपल्याकडेच तपासली जायला हवीत, या मागणीत शास्त्रीय गरज आहे; स्वाभिमानाचा प्रश्न नंतरचा.

मग जनुकांचा एकूण वाटा किती? याचं सर्वांत सरळ उत्तर एकसारख्या जुळ्यांकडून मिळतं. ब्रिटनमध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एका जुळ्याला आमवात असेल तर दुसऱ्याला तो असण्याचं प्रमाण सुमारे १५ टक्के निघालं. साध्या जुळ्यांत ते चारेक टक्के. म्हणजे जनुकांचा हात नक्की आहे. पण सगळी जनुकं तीच असूनही शंभरातल्या पंच्याऐंशी जोड्यांत दुसरा जुळा सुटतो.

ठिणगी कशाची पडते? माणसात सर्वांत भक्कम पुरावा धूम्रपानाचा आहे. स्वीडनमध्ये लार्स क्लारेस्कोग यांच्या गटाने २००६ साली हिशेब मांडला. धोक्याच्या एचएलए प्रकाराच्या दोन्ही प्रती असलेल्या आणि सिगारेट ओढणाऱ्या माणसांत, रक्तात विशिष्ट प्रतिपिंडं असलेल्या आमवाताचा धोका २१ पट होता. तुलना होती ती धूम्रपान न करणाऱ्या आणि तो प्रकार नसलेल्या माणसांशी. धुरामुळे फुप्फुसातल्या प्रथिनांचं रूप बदलतं, त्यातलं आर्जिनीन सिट्रुलीन होतं. हे बदललेले तुकडे त्या खास खोबणीत नेमके बसतात आणि टी पेशी त्यांना परकं समजतात. अशा प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं काही माणसांच्या रक्तात आजाराच्या कितीतरी वर्षं आधीपासून असतात. स्वीडन आणि नेदरलँड्समधल्या रक्तपेढ्यांत जुने नमुने तपासून हे कळलं. स्वीडनमधलीच एक गंमत: तिथे ओठाखाली तंबाखूची पुडी ठेवायची जुनी सवय आहे, पण तिने आमवाताचा धोका वाढलेला दिसत नाही. दोष निकोटीनचा नसून फुप्फुसात गेलेल्या धुराचा असावा. (गुटखा आणि तंबाखू मळणाऱ्यांनी यातून सवलत शोधू नये. त्यांच्यासाठी तोंडाचा कर्करोग बसलेलाच आहे.)

जनुकांच्या अभ्यासातून रुग्णाच्या पदरात काय पडलं, हा खरा प्रश्न.

इंटरल्यूकिन-६ पेशीला बाहेरून शिवतं, तेव्हा आत निरोप नेतात ती जॅक नावाची विकरं. पेशीच्या आतून एसटीएटी प्रथिनांना उठवून ती केंद्रकाकडे पाठवतात. १९९५ साली जॅक-३ हे जनुक बिघडलेली मुलं आढळली; त्यांची प्रतिकारशक्ती कोलमडलेली होती. या शोधात असलेले अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे जॉन ओ’शे यांनी आणि फायझर कंपनीने वेगळा विचार केला. हे विकर नसलं की संरक्षण यंत्रणा झोपते, तर गोळीने ते थोडंसं दाबलं की खवळलेली यंत्रणा शांत होईल. त्यातून टोफासिटिनिब हे औषध आलं आणि २०१२ साली अमेरिकेत आमवातासाठी मंजूर झालं. इंजेक्शनांच्या जमान्यात ही तोंडाने घ्यायची गोळी होती. आज भारतातही ती अनेक कंपन्या बनवतात. इंटरल्यूकिन-६ चा रिसेप्टरच अडवणारं टोसिलिझुमॅब हे किशिमोतो यांच्या कामातून जपानमध्ये जन्मलं. आमवातासाठी तिथे ते २००८ साली मंजूर झालं.

टी पेशीला आवरणाऱ्या सीटीएलए-४ या रेणूची कथा आणखी बोलकी आहे. त्याचाच भाग वापरून अबाटासेप्ट बनवलं गेलं आणि २००५ साली ते आमवातासाठी आलं. उलट दिशेने, हाच रेणू अडवून टी पेशींना मोकळं सोडलं तर त्या कर्करोगावर तुटून पडतात. या कल्पनेसाठी जेम्स ॲलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं. आता अशी औषधं घेणाऱ्या काही कर्करुग्णांचे सांधे सुजतात आणि त्यांना संधिवाततज्ज्ञाकडे पाठवावं लागतं. निरोपाचा आवर काढला की काय होतं, याचा हा माणसातला रोकडा पुरावा.

जॅक कुटुंबातलाच एक भाऊ टिक-२. त्याच्या जनुकातला एक बदल निरोप कमी करतो, आणि तो बदल असलेल्यांना आमवातासह अनेक स्वप्रतिकार-आजारांपासून थोडं संरक्षण मिळतं. मग सगळ्यांनाच तो का नाही? कारण त्याची किंमत आहे. आई आणि वडील दोघांकडूनही तो बदल मिळालेल्या माणसाला क्षयरोगाचा धोका वाढतो. युरोपातल्या प्राचीन सांगाड्यांचा डीएनए तपासून २०२१ साली असं दिसलं की गेल्या दोन हजार वर्षांत तिथे या बदलाचं प्रमाण घटत गेलं, आणि ते घडवणारा बहुधा क्षयच. सांधे वाचवणारं जनुक फुप्फुसाला महाग पडलं. भारतीय डॉक्टर हे सूत्र रोज जगतात. टीएनएफ या दाहक रसायनाला अडवणाऱ्या इंजेक्शनांनी आमवाताचा इलाज बदलला. मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी १९९२ साली लंडनमध्ये त्याचा पहिला प्रयोग केला. पण हीच इंजेक्शनं शरीरात दडलेला क्षय उठवू शकतात. म्हणून आपल्याकडे ती सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि दडलेल्या क्षयाची चाचणी केली जाते. डॉक्टर उगाच खर्च वाढवतात अशी कुरकूर करणाऱ्यांनी ही बाजू समजून घ्यावी. टोफासिटिनिबही निर्धोक नाही. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांत हृदयाचे झटके आणि कर्करोग टीएनएफ-रोधकांपेक्षा जास्त आढळल्यावर २०२१ साली अमेरिकेने त्यावर ठळक इशारा छापायला लावला.

जनुक सापडलं की औषध मिळालंच, असंही होत नाही. पाठीचा कणा आखडवणाऱ्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये इंटरल्यूकिन-२३ च्या रिसेप्टरचं जनुक स्पष्ट दिसतं. तरी इंटरल्यूकिन-२३ अडवणारी औषधं त्या आजाराच्या चाचण्यांत नापास झाली, आणि त्याच मार्गावरच्या इंटरल्यूकिन-१७ ला अडवणारी पास झाली. जनुक वाट दाखवतं. मुक्काम चाचणीतच कळतो.

सध्या एक नवा प्रयत्न चालू आहे. नोबेल मिळालेल्या रॅम्सडेल यांच्या सोनोमा बायोथेरप्युटिक्स या कंपनीत रुग्णाच्याच नियामक टी पेशी काढून, सिट्रुलीन झालेली प्रथिनं ओळखण्याची क्षमता त्यांना देऊन परत शरीरात सोडल्या जातात. आमवाताच्या रुग्णांवर या उपचाराची पहिल्या टप्प्याची चाचणी सुरू झाली आहे. महागडी आणि किचकट अशी ही पद्धत. भिगवणच्या रुग्णापर्यंत ती पोचायला बराच काळ जाईल.

तोपर्यंत बाजारात घरपोच जनुक-चाचण्या मात्र पोचल्या आहेत. थुंकीचा नमुना पाठवा, कुठले आजार होणार ते कळवतो, अशी जाहिरात असते. आमवाताच्या बाबतीत हा खर्च वाया आहे. एकसारख्या जुळ्याचं उदाहरण इथे पुन्हा मांडावं लागेल: सगळी जनुकं माहीत असूनही दुसऱ्या जुळ्याबद्दल ठाम काही सांगता येत नाही, तर थुंकीतल्या मोजक्या खुणांवरून काय सांगणार? पीटीपीएन-२२ चा बदल असलेल्या माणसाचा धोका जेमतेम दुपटीच्या आत वाढतो. एक टक्क्याचा फार तर दोन टक्के. आई किंवा मावशीला आमवात आहे म्हणून धास्तावलेल्या मुलींना हे गणित कुणीतरी शांतपणे सांगायला हवं. एचएलए-बी२७ ही चाचणी डॉक्टर लिहून देतात ती कण्याच्या आजाराच्या संशयाने. आमवाताशी तिचा संबंध नाही.

उपयोगाची चाचणी साधी आहे. हातापायांच्या बोटांचे सांधे दोन्ही बाजूंनी सुजत असतील, सकाळचा आखडलेपणा तासभर राहत असेल आणि हे सहा आठवड्यांपलीकडे गेलं असेल, तर संधिवाततज्ज्ञाला गाठून ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्तचाचण्या करून घ्याव्यात. चिकुनगुन्या होऊन गेल्यावरही सांधे असेच सुजू शकतात, हे डॉक्टरांना आठवणीने सांगावं. घरात कुणाला आमवात असेल तर सिगारेट-बिडी आजच सोडावी; बदलता येणारा सर्वांत मोठा धोका तोच. इलाजाची सुरुवात आजही बहुतेक वेळा मेथोट्रेक्सेट या जुन्या, स्वस्त गोळीनेच होते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ठरलेला वार औषधाच्या पाकिटावर ठळक लिहून ठेवावा.